नुसतं खायचं, जेवायचं नाही

अगं चिऊ, तू पाठवलेला तक्ता बघितला. रंगीत रकाने काय, तासातासाचा हिशेब काय, आणि पहिल्याच संध्याकाळच्या रकान्यात सान सेबास्तियानमधली सात ठिकाणं! सातव्यापुढे 'वेळ उरल्यास' असंही लिहिलंयस. ते वाचून मला माझीच आठवण आली. आता चहा घेऊन बस आणि ऐक. जावईबापूंना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस, कारण यात माझी फजिती आहे आणि ती बहिणीलाच सांगण्यासारखी आहे.

आधी तो रकाना पूस. सगळा. पहिल्या संध्याकाळी तिथे दोनच कामं करायची, चालायचं आणि खायचं. खायचं म्हणतेय हं मी, जेवायचं नाही. हा फरक कळायला मला एक अख्खी संध्याकाळ घालवावी लागली.

आमचं काय झालं सांगते. मुंबईहून निघालो, मध्ये विमान बदललं, बिल्बाओला उतरलो, तिथून सव्वा तासाची बस. जूनचे दिवस. हॉटेलवर बॅगा टाकल्या तेव्हा साडेपाच वाजले होते. अंघोळी उरकून साडेसहाला खाली उतरलो. तिथले साडेसहा म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे दहा, त्यामुळे पोटात नुसते कावळे कोकलत होते. आणि जेवण कुठेच मिळेना! जिथे विचारावं तिथे एकच उत्तर, स्वयंपाकघर साडेआठला उघडेल. कुणी खुर्च्या पुसतंय, कुणी फळ्यावर खडूनं लिहितंय, आणि आम्ही दोघं पाहुण्याघरी दोन तास आधी पोचल्यासारखे दारोदार. शेवटी एक जागा सापडली, दाराबाहेर पदार्थांचे मोठाले फोटो लावलेली. दिवसभर जेवण मिळेल असं पाच भाषांत लिहिलेलं. तिथेच ओळखायला हवं होतं गं! आम्ही पाएया मागवला. आता पाएया हा वालेन्सियाचा भात, म्हणजे पार तिकडे भूमध्य समुद्राच्या काठचा. आम्ही बसलो होतो बिस्केच्या उपसागराकाठी, बास्क मुलखात. मालवणला जाऊन छोले-भटुरे मागवावेत तसा प्रकार. कोमट भात, वर दोन रबरी कोलंब्या. ह्यांचं तोंड फुगलेलं, माझं त्याहून. शब्दाला शब्द वाढला. हनिमूनला नव्हतं झालं इतकं भांडण त्या कोलंब्यांवरून झालं.

साडेआठला खोलीवर येऊन पडदे ओढून झोपलो, तर बाहेर लख्ख ऊन. आणि नऊच्या सुमारास खालच्या गल्लीत आवाज सुरू झाले. आधी ग्लासांची किणकिण, मग हसणं, मग पोरांची पळापळ, मग अख्खी गल्ली एकदम बोलायला लागली. आपल्याच दारावरून वरात चाललीय आणि आपण आत पांघरूण घेऊन पडलोय! मी उशीत तोंड खुपसून थोडी रडले. हे आजवर ह्यांनाही सांगितलेलं नाही.

ते ऊन मात्र खोटं नव्हतं, लबाडी असलीच तर घड्याळाची होती. नकाशा काढून बघ, सान सेबास्तियान ग्रिनिचच्याही पश्चिमेला आहे. म्हणजे खरं तर लंडनचं घड्याळ त्यांना बरोबर बसलं असतं. पण १९४० मध्ये फ्रँकोच्या सरकारनं घड्याळं तासभर पुढे केली, त्या वेळच्या जर्मनीशी जुळतील अशी, आणि ती पुन्हा मागे घ्यायचं काही झालं नाही. त्यात उन्हाळ्यात बहुतेक युरोपाचा आणखी एक तास. म्हणून जूनमध्ये तिथे सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. ही माणसं रात्री नऊला जेवतात असं आपण म्हणतो खरं, पण सूर्याकडे बघून जेवतात म्हटलं तर ती काही फार उशीर करत नाहीत.

तेव्हा तू पोचलीस की झोपू नकोस. पाठ टेकलीस की संपलं. अंघोळ कर आणि आईनं बांधून दिलेला चिवडा तेव्हा काढ. आईचा चिवडा विमानात संपवायचा नसतो, तो या साडेसहाच्या भुकेसाठीच असतो. दोन मुठी खा, वर एखादी कॉफी. बस. मग पायात सपाट चपला घाल आणि बाहेर पड. अंगात टोपीचं जाकीट असू दे. स्पेन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उन्हानं करपलेले माळ येतात, पण हा उत्तरेचा किनारा म्हणजे महाबळेश्वर आणि कोकणाची दाट मिसळ आहे, हिरवागार. तिथे एक बारीक पाऊस पडतो, दिसत नाही पण भिजवतो. त्याला ते सिरिमिरी म्हणतात. आपल्या झिमझिमची मावसबहीण शोभेल. त्यात वारा असा की छत्री उलटीच होते.

सुरुवात नगरपालिकेच्या इमारतीपासून कर. दोन मनोऱ्यांची, जरा मिरवणारी इमारत आहे. मिरवेल नाही तर काय, ती १८८७ साली जुगाराचा कॅसिनो म्हणून उघडली होती. पुढे जुगारावर बंदी आली आणि आता तिथे महापौर बसतात. समोरच्या बागेत गाठीगाठीच्या खोडांची, बुटकी, पिसाऱ्यासारख्या बारीक पानांची झाडं दिसतील. कुणाला नाव विचारलंस तर 'तामारिंदो' सांगतील. मी हरखलेच, इथे चिंच! बारकाईनं बघितलं तर चिंचेचा पत्ता नाही. झाड वेगळंच, झाऊच्या जातीचं, नावाच्या सारखेपणावरून लोकांनी तामारिंदो करून टाकलेलं. गंमत म्हणजे तो मूळ शब्द अरबी 'तम्र हिंदी', हिंदुस्थानचा खजूर. आपल्या चिंचेचं नाव घेऊन तिथे भलतंच झाड उभं आहे.

तिथून समुद्राला उजव्या हाताला ठेवून चालत सुटायचं. हाच तो ला कोंचा किनारा. कोंचा म्हणजे शिंपला. आपला 'शंख' आणि त्यांचा 'कोंचा' हे शब्द एकाच घराण्यातले, आणि खाडी आहेही तशीच, शिंपल्यासारखी वळलेली, दोन टोकांना दोन डोंगर, उर्गुल आणि इगेल्दो, आणि मधोमध सांता क्लारा नावाचं चिमुकलं बेट. १८४५ मध्ये राणी इसाबेल दुसरी इथे समुद्रस्नानाला आली. तिला त्वचेचा त्रास होता आणि वैद्यांनी खाऱ्या पाण्याचा उपाय सांगितला होता. राणी आली म्हणून दरबारी आले, दरबारी आले म्हणून हॉटेलं आली. त्या पांढऱ्या नक्षीच्या कठड्याला टेकून फोटो काढ एखादा. एखादाच. कारण खरं बघण्यासारखं आहे ते कठड्याच्या अलीकडे.

माणसं बघ, चिऊ. सातच्या पुढे सगळं गाव तिथे उतरतं. आपण जेवून शतपावली करतो, हे लोक जेवणाआधीच करून घेतात. त्याला ते पासेओ म्हणतात. केस नीट बसवलेल्या, लिपस्टिक लावलेल्या ऐंशीच्या आज्या एकमेकींच्या कोपरात हात अडकवून चाललेल्या असतात, चौघी-चौघी, अख्खा रस्ता अडवून. त्यांना ओलांडून पुढे जायचा प्रयत्न करू नकोस. मी केला, तर एकीनं माझ्याकडे असं बघितलं की गाडी सुटतेय का बाई तुझी! त्यांच्या मागून त्यांच्या चालीनं चाल. दहा मिनिटांत तुझ्या खांद्यांवरचा प्रवास उतरेल बघ.

ओहोटी असेल तर चपला हातात घेऊन वाळूतून जा. भरतीचं पाणी पार भिंतीला येऊन थडकतं, तेव्हा वरचाच रस्ता बरा. मधल्या टेकाडावर विटांचा मीरामार राजवाडा आहे, राजघराणं उन्हाळ्याला यायचं तिथे. तो बाहेरूनच बघून पुढे चल. पलीकडे ओंदारेता हा दुसरा किनारा, आणि जिथे रस्ता संपतो, डोंगर थेट पाण्यात उतरतो, तिथे 'वाऱ्याचा कंगवा'. एकंदर तीनेक किलोमीटर चाल.

या कंगव्याजवळ मात्र रेंगाळ. खडकांत रोवलेले लोखंडाचे तीन अवाढव्य आकडे, प्रत्येक काही टनांचा, गंजून तांबडेलाल झालेले. मूठ उघडता उघडता कुणीतरी थबकावं असे. एदुआर्दो चिलिदा या शिल्पकाराचं काम, १९७७ चं. चिलिदा याच गावचा, तरुणपणी रेआल सोसिएदाद या इथल्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक होता, गुडघा गेला म्हणून खेळ सुटला. मला तर ते आकडे बघताना गोलरक्षकाचेच हात आठवतात, समुद्रावरून येणारा वारा अडवायला पसरलेले. शिल्पकारानं असा काही विचार केला असेल असं नाही, हे आपलं माझं. तिथल्या फरसबंदीला गोल भोकं ठेवलेली आहेत. खाली लाट आपटली की त्यातून हवा फूत्कारत वर येते, समुद्र खवळला असेल तर पाणीसुद्धा. मला हे ठाऊक नव्हतं. मी नेमकी एका भोकावर उभी राहून ह्यांना म्हणत होते, 'इथून काढा फोटो', आणि पायाखालून असा हुंकार आला की माझी ओढणी सरळ आभाळात! शेजारची दोन पोरं हसून हसून लोळली. मग मीही हसले, आणि हे दोन दिवसांनी पहिल्यांदा हसले. होय, ही दुसऱ्या दिवसाची गोष्ट. पहिली संध्याकाळ आम्ही दुसऱ्या दिवशी केली असं समज.

परतताना आल्या वाटेनंच ये. साडेआठ-नऊला जुन्या गावात शिरायचं. पार्ते व्हिएहा म्हणतात त्या भागाला. अरुंद गल्ल्या, दोन्ही अंगांना बार. बार या शब्दाला दचकू नकोस. आपल्याकडच्या काचा काळ्या केलेल्या बारशी त्याचा काही संबंध नाही. आजीपासून बाबागाडीतल्या बाळापर्यंत सगळे असतात आत. बाई एकटी उभी राहून खाताना कुणी मान वळवून बघत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुला आपल्या वाड्यातलं चैत्रगौरीचं हळदीकुंकू आठवतं? एका संध्याकाळी सहा-सात घरं. प्रत्येक घरी द्रोणात चमचाभर आंबेडाळ, पेलाभर पन्हं, ओटीत मूठभर भिजवलेले हरभरे. देशपांडेकाकूंकडची डाळ आंबट आणि कुलकर्णीबाईंकडचं पन्हं वेलदोड्याचं, हे आपल्याला पाठ. पहिल्याच घरी पोटभर डाळ कुणी खात नसे. तर सान सेबास्तियानची रात्र म्हणजे तंतोतंत चैत्रातलं हळदीकुंकू. एका बारमध्ये शिरायचं, तिथली जी खासियत असेल ती एकच खायची, उभ्यानं, घोटभर काहीतरी प्यायचं, हिशेब चुकता करायचा आणि पुढचं घर गाठायचं. बस्तान मांडायचं नाही.

या घासाला पिंचो म्हणतात. 'पिंचार' म्हणजे टोचणं. पावाच्या चकतीवर काहीतरी रचून ते निसटू नये म्हणून काडी टोचायची, तिच्यावरून नाव. आता पुष्कळ पिंचोंना काडी नसते, नाव राहिलं. बारच्या लांबलचक फळीवर थाळ्या मांडलेल्या असतील, रंग बघूनच तुझा तोल जाईल. माझा गेला. मी ताटली मागून घेतली आणि लग्नाच्या बुफेत उभी असल्यासारखी त्यावर सहा पिंचोंचा डोंगर रचला. फळीमागच्या बाईनं तो डोंगर पाहिला, मला पाहिलं, आणि काही न बोलता बोटानं भिंतीवरचा फळा दाखवला. खरा मामला त्या फळ्यावर असतो! मांडून ठेवलेले ते थंड पिंचो, आणि फळ्यावर लिहिलेले ते मागितल्यावर आतून गरम करून येतात. अळंबी परतून वर कच्च्या अंड्याचा पिवळा बलक, माकूलाच्या काळ्या शाईतला माकूल, पिंजलेला खेकडा, ज्याला ते चांगुर्रो म्हणतात. म्हणून थंडातला फार तर एक उचल, बाकी फळ्यावरून माग. आणि उचलण्याआधी मागच्या माणसाशी नजरानजर कर, थेट हात घालू नकोस. काय काय खाल्लंस ते शेवटी तूच सांगायचं, पैसे तेव्हा. एक पिंचो साधारण तीन ते पाच युरोंना. कागदी रुमाल खाली टाकलेले दिसतील, ती जुनी रीत आहे म्हणतात. तू आपली डब्यातच टाक, आपल्याला आईनं बघितल्यासारखं वाटतं.

थंडातला एक कुठला, तर खिल्दा. लिहितात 'गिल्डा', म्हणतात खिल्दा. एका काडीवर दोन-तीन लांबट पोपटी मिरच्या दुमडून ओवलेल्या, त्यांच्यात घडी घातलेली अँचोव्हीची तपकिरी पट्टी, टोकाला हिरवं ऑलिव्ह, सगळ्यावर तेलाची चकाकी. अँचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातली, मिठात महिनोन्महिने मुरवून मग सोललेली. वास येईल, घाबरू नकोस, सुक्या बाजारात वाढलेल्या मुली आपण. मिरच्या इबार्रा गावच्या, पिपारा नावाच्या, व्हिनेगरमधल्या. तिखट म्हणायचं ते त्यांनी. आपल्या लवंगीपुढे त्या बालवाडीत आहेत. कुरतडत बसायचं नाही, काडी आडवी धरून सगळं एकदम तोंडात ओढायचं. आधी आंबट, मग खारट, मग मागून येणारी किंचित झोंबरी चव, आणि त्या सगळ्यावर ऑलिव्हचं तेल. रिटा हेवर्थच्या १९४६ च्या 'गिल्डा' चित्रपटावरून हे नाव पडलं. ती जशी हिरवी, खारी आणि झणझणीत, तसा हा पिंचो, असं म्हणे कुणी गिऱ्हाईक म्हणालं. स्पॅनिशमध्ये 'हिरवा' म्हणजे चावटसुद्धा, बरं का.

सोबत चाकोली. इथली पांढरी, आंबटसर, किंचित फसफसणारी वाइन. ओतणारा बाटली हातभर वर धरतो आणि खाली ग्लासात बारीक धार सोडतो, डोळे मात्र तिसऱ्याच माणसाशी बोलण्यात. दोन बोटं भरली की थांबतो. चव कशी, तर पन्ह्यात गूळ घालायला विसरलं तर कशी लागेल, तशी. पहिल्या घोटाला मी तोंड वाकडं केलं, तिसऱ्याला कळलं की त्या तेलकट-खारट घासानंतर असंच काही हवं असतं. शेजारच्या गेतारियाची चाकोली नावाजलेली. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १५२२ मध्ये परतलेला एल्कानो त्याच गावचा. घ्यायची नसेल तर 'मोस्तो' माग, तो द्राक्षाचा रस, त्याला कुणी नाक मुरडत नाही. बिअर हवी तर 'सुरितो', म्हणजे अगदी इटुकला ग्लास. सहा घरं फिरायची तर मापं इटुकलीच हवीत.

जावईबापूंचं काय, ही तुझी खरी काळजी, माहितीय मला. अंडं चालतं त्यांना म्हणून निभेल. 'तोर्तिया दे पातातास' म्हणजे बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, मध्ये किंचित ओलसर. पाताता ऐकून ओळखीचं वाटेल, कारण आपला 'बटाटा' पोर्तुगीजांनी आणून दिलेला, आणि पाव हा शब्दही त्यांचाच. मला त्या परक्या गर्दीत 'पाताता' आणि 'पान' हे दोन शब्द ऐकून माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं होतं. शिवाय तळून जाड मीठ भुरभुरवलेल्या गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या, अळंबी, आणि इदियासाबालचं मेंढीच्या दुधाचं चीज. त्याच्याबरोबर मेंब्रियो नावाची फळाची वडी देतात कधी कधी, थेट आपल्या पेरूच्या वडीच्या नात्यातली. सापळे कुठे आहेत तेही ऐक. क्रोकेता बाहेरून निरागस दिसतात, आत बहुधा हामोन, म्हणजे डुकराचं मांस. बटाट्याच्या सॅलडात ट्यूना असतो, आणि 'मांस नाही ना?' विचारलं तर 'नाही' म्हणतात, कारण मासा त्यांच्या लेखी मांस नव्हेच. 'सोलोमियो' आणि 'कारियेरा' फळ्यावर दिसले तर ते बहुतेक गोमांस. म्हणून नुसतं शाकाहारी म्हणून थांबायचं नाही, 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो' असं सगळं म्हणायचं.

आणि दारातून आत शिरताना 'काइशो', निघताना 'आगुर', मध्ये 'एस्केरिक आस्को' म्हण. नमस्कार, येते, आभार. ही स्पॅनिश नाही हं, ही एउस्कारा, बास्कांची भाषा. चेहरे कसे उजळतात बघ. गावाचं नावही ते दोनोस्तिया सांगतात. ही भाषा कुणाचीच बहीण नाही. स्पॅनिश आणि मराठी लांबून का होईना चुलत आहेत, 'त्रेस' आणि 'तीन', 'सिएते' आणि 'सात' ऐकलं की कळतं. एउस्कारा मात्र युरोपात एकटीच, तिचं नातं कुठेच जुळलेलं नाही. जुन्या गोव्यात ज्यांचं शव ठेवलंय ते सेंट फ्रान्सिस झेवियर शेजारच्या नवार्राचे, त्यांच्या घरची भाषा हीच होती असं मानतात.

फिरता फिरता '३१ दे आगोस्तो' नावाच्या गल्लीत येशील. दोन्ही टोकांना दोन चर्च. नाव तारखेचं का, तर ३१ ऑगस्ट १८१३ ला इंग्रज-पोर्तुगीज फौजेनं फ्रेंचांकडून हे गाव घेतलं आणि मग लुटून जाळलं. सोडवायला आलेल्यांनीच. वाचली ती जवळजवळ एवढीच गल्ली. त्या फौजांचा सरसेनापती होता वेलिंग्टन, म्हणजे दहा वर्षं आधी, १८०३ मध्ये, आपल्या जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला तोच आर्थर वेलस्ली. चाकोलीचा ग्लास हातात घेऊन असई आठवेल असं मला वाटलं नव्हतं. त्याच गल्लीत 'ला विन्या'मध्ये जळक्या डोक्याचा चीजकेक मिळतो, वरून काळपट, आतून खरवसासारखा डळमळता. दोघांत एक घ्या. पाठीमागे कोन्स्तितुसिओन चौक आहे, त्याच्या बाल्कन्यांवर आकडे रंगवलेले दिसतील. पूर्वी चौकात बैलांचे खेळ व्हायचे आणि बाल्कन्या भाड्यानं जायच्या, तेच हे बैठकीचे नंबर.

या गावात पुरुषांची स्वयंपाक मंडळं आहेत, एकोणिसाव्या शतकापासूनची. पुरुष जमतात, स्वतः रांधतात, खातात, गातात. मी ह्यांना कोपरखळी मारून म्हटलं, बघा जरा! मग कळलं की कित्येक मंडळांत बायकांना मज्जाव होता, स्वयंपाकघरात तर नक्कीच. आता बदलतंय म्हणे. स्वयंपाकघर आपलं म्हणून आपल्याला चिकटवलेलं, आणि जिथे मजा होती तिथे तेही काढून घेतलेलं! असो, हा विषय आपण फोनवर बोलू.

रविवारी रात्री नाहीतर सोमवारी पोचणार असशील तर बरेच बार बंद असतात, तेवढं बघून घे. चार-पाच घरं झाली की थांब. भूक थोडी राहू दे, अजून तीन रात्री आहेत तुला.

आणि हो, आईचा फोन येणार. तिथे नऊ म्हणजे आपल्याकडे साडेबारा, तरी ती जागीच असेल. पहिला प्रश्न ठरलेला, 'जेवलीस का गं?' माझ्या वेळी मी तोंडात खिल्दा कोंबून खरं बोलायला गेले, 'जेवले नाही, नुसतं खातेय.' त्यावर ती अर्धा तास झोपली नाही, आणि बाबांनाही झोपू दिलं नाही. तू सरळ 'हो, जेवले' म्हण. मग पोळी होती का विचारेल. पाव होता म्हण.